निपाणीच्या काकांना, चिंगीच्या ऑपरेशनबद्दल

काका, माझ्या चिंगी कुत्रीच्या नसबंदीच्या ऑपरेशनवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, ‘आईवेगळं पिल्लू घरी आणलंत हे चांगलं केलंत. पण सहा महिन्यांची नाही तोवर तिचं पोट फाडलंत. एकदा तरी तिला विऊ द्यायचं होतं. मुक्या जिवाचं आईपण काढून घेणं पाप आहे.’ तुमच्या वाड्यातली कुत्री दरवर्षी विते आणि तरीही ठणठणीत आहे, असंही तुम्ही म्हणता.

तुमचा राग एका बाबतीत रास्त आहे. मी ‘छोटंसं ऑपरेशन’ असं लिहिलं, ते चुकलं. नराचं काम त्या मानानं वरवरचं असतं. मादीचं मात्र पोट उघडावं लागतं, पूर्ण भूल द्यावी लागते आणि भूल म्हटली की धोका आलाच. संमतीचा कागद कन्नडमध्ये होता. कंपाउंडरनं ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ‘जीव गेल्यास’ हे शब्द आले तेव्हा माझा सहीचा हात थांबला होता. हे लेखात यायला हवं होतं.

पण ‘एकदा तरी विऊ द्यायचं होतं’ हे मला मान्य नाही.

चिंगी मला जुलैत मार्केट यार्डाच्या भिंतीकडेला सापडली. बेळगावचा जुलै तुम्हाला माहीत आहे, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आई हायवेवर ट्रकखाली गेलेली. पाच पिल्लं भिजलेल्या पोत्यावर एकमेकांना चिकटून पडली होती. दोन तिथंच गेली. दोन माझ्या घरी, पार्वो या विषाणूच्या रोगानं, रक्ताची हगवण लागून चार दिवसांत गेली. मी रात्रभर चमच्यानं पाणी पाजत बसले होते. उरली ती चिंगी. तिच्या आईनं ‘एकदा’ विल्याचा हा हिशेब आहे, काका. कुत्री साधारण 63 दिवस गाभण असते, एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. त्यातली गोंडस नर पिल्लं लोक मागून नेतात. माद्या कोण नेतं? त्यांना पिशवीत घालून गावाबाहेर सोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आईपणाची ओढ म्हणाल, तर ती शरीरातून येते. आमच्या गल्लीत एक पाळलेली कुत्री आहे. माजावर येऊन गेली की दीड-दोन महिन्यांनी, फळलेली नसतानाही, तिला दूध येतं. चपला गोळा करून पोटाशी घेते, कुणी जवळ गेलं की गुरगुरते. तिची ती तगमग बघवत नाही. माझ्या चिंगीच्या वाट्याला दर माजानंतर ते येऊ नये असं मला वाटलं.

आणि पाप म्हणाल, तर कर्नाटकी बेंदराला आपण ज्या बैलांची शिंगं रंगवतो, पोळी भरवतो, ते बहुतेक खच्ची केलेलेच असतात की. खोंडाला चिमटा लावल्याशिवाय तो औताला धरवत नाही, म्हणून आपण लावतो. तिथं आपल्या कामासाठी करतो. इथं मी तिच्यासाठी केलं.

तिच्यासाठी म्हणजे काय, ते सांगते. ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला वय वाढलं की माजानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. वेळेत कळलं नाही तर जीव जातो. तेव्हा हेच ऑपरेशन तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्या जिवावर करावं लागतं. भटक्या नरांच्या संगातून लागणारी कर्करोगाची गाठ वेगळीच, तिच्यावर काही आठवडे, दर आठवड्याला सुई टोचावी लागते. स्तनाच्या गाठींबद्दल 1969 सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगतो, की पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर धोका फार कमी होतो. 2012 च्या फेरतपासणीत तो पुरावा कच्चा ठरवला गेला. म्हणून माझा भर गर्भाशयाच्या पुवावर आहे, तो धोका तर निर्विवाद आहे.

दुसरी बाजूही आहे. ऑपरेशननंतर वजन वाढतं, खाणं मोजून द्यावं लागतं. काही माद्यांना पुढं लघवी धरवत नाही. आणि मोठ्या जातीचं, गोल्डन रिट्रीव्हरसारखं पिल्लू असेल तर सांध्यांसाठी थोडं थांबणं बरं असतं. चिंगी गावठी आहे, शिडशिडीत, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या माजाआधीची वेळ दिली. दहा दिवस तिला पावसात जाऊ दिलं नाही, माझा जुना कुर्ता कापून अंगात घातला, म्हणजे टाके चाटता येऊ नयेत. टाके सुकले.

2023 चे केंद्राचे नियमही पाळलेल्या प्राण्याची लस, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी मानतात.

आता तुमच्या वाड्यातल्या कुत्रीबद्दल. गेल्या वर्षीच्या पिल्लांपैकी आज किती वाड्यात आहेत, ते एकदा मोजा. सध्या ती पिल्लांना पाजत असेल तर लगेच काही करू नका. पिल्लं खायला लागली, तिचं दूध आटलं, की डॉक्टरांना दाखवा. पिल्लांना दीड महिन्यापासून पार्वोची लस सुरू करता येते आणि ती दोन-तीनदा द्यावी लागते. तुम्ही म्हणाल तेव्हा मी निपाणीला येईन, तिला दवाखान्यात नेताना मागच्या सीटवर तिच्याजवळ बसेन.