अकरावीला ‘लीगल स्टडीज’ नाही म्हणून वकिली बंद होत नाही

दहावीचा निकाल लागला की दर्यापूरकडच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘वकील व्हायचं तर अकरावी-बारावीला सीबीएसईचा लीगल स्टडीज विषय पाहिजेच. नाहीतर प्रवेश परीक्षा निघत नाही. मराठी माध्यमाच्या पोरांनी तर नादच करू नये.’ माझा एक पक्षकार, पांदण रस्त्याच्या भांडणातला कास्तकार, हाच मेसेज दाखवत आला. पोरीला नागपूरला शिकवायला ठेवायचं म्हणून वावर गहाण टाकायच्या बेतात होता. मला राहवलं नाही.

विषय पाहिजेच, हे साफ खोटं आहे. पाच वर्षांच्या लॉला बारावी कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही चालते. बार कौन्सिलची अट आहे ती गुणांची: खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०.

परीक्षेचं म्हणाल तर, क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) २०२० पासून उतारा देतात, नियम त्यातच असतो. तो प्रसंगाला लावून दाखवायचा. कलमं पाठ असावी लागत नाहीत. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते.

आता मराठीचा मुद्दा, कारण पोरं खचतात ती इथं. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. उच्च न्यायालयात काम इंग्रजीतून चालतं, तेव्हा इंग्रजी शिकावीच लागेल. पण त्याला पुढची पाच वर्षं आहेत. आपल्या अमरावतीचे भूषण गवई नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकले, १९८५ मध्ये वकिली सुरू केली आणि २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या वेळी हा विषय सीबीएसईतही नव्हता.

विषय वाईट नाही. संविधान, न्यायव्यवस्था, करार हे सोळाव्या वर्षी कळलं तर चांगलंच, आणि तालुक्याच्या कॉलेजात तो मिळाला तर मला आनंदच होईल. पण त्यातलं संविधान आणि राज्यव्यवस्था राज्यशास्त्रातही शिकवतात, आणि बाकीचं आपल्या धुऱ्यावर रोज घडतं. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं डोक्यावरून माल वाहणारी माणसं मी पाहिली आहेत. घरातल्या एका पोरीला एवढं ठाऊक असतं, तर रस्ता वाचला असता.

न्यायालयाचं कामकाज सहसा खुलं असतं. मागच्या बाकावर शांत बसून कुणालाही ऐकता येतं.

त्या कास्तकाराला मी म्हटलं, भाऊ, वावर राहू द्या. पोरीचं नाव इथंच कला शाखेत टाका, राज्यशास्त्र घ्यायला सांगा, आणि पुढच्या तारखेला तिला सोबत आणा.