प्रकाश डोळ्यांत नको, पायरीवर हवा

आज सायंकाळी आमच्या गिरगावच्या चाळीत कमिटीची बैठक झाली. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मजल्यासाठी एक टॉर्च घ्यायचा विषय निघाला आणि ‘ज्याचा झोत सर्वांत लांब जातो तो घ्या’ असे पाच मिनिटांत ठरूनही गेले. मी माझा टॉर्च लावून दाखवला, तर एकाने ऐकवले, “हा पिवळा मारतोय, सेल उतरलेत वाटतं.” बाकीचे हसले. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

गेल्या आषाढात एका रात्री दिवे गेले, तेव्हा आई जिना चढत होती. आमचा जिना लाकडी, उभा, मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. वरच्या गॅलरीतून कोणीतरी तिला दिसावे म्हणून झगझगीत पांढरा झोत खाली सोडला. तो पायरीवर न पडता थेट तिच्या चेहऱ्यावर पडला, तिचे डोळे दिपले, पाऊल चुकले आणि नडगी पायरीच्या कडेवर आपटली. मी धावत गेलो. माझ्या हातातही तसाच पांढरा टॉर्च होता. त्या उजेडात पायरीवर काहीतरी काळपट, ओले दिसत होते. पावसाळ्यात जिन्यावर चिखल असतो, पानाच्या पिचकाऱ्या असतात. मला त्यातलेच काहीतरी वाटले. आईला धरून घरात आणले, मेणबत्ती लावली आणि त्या उजेडात तिने पाय पुढे केला, तेव्हा मला पहिल्यांदा लाल रंग दिसला. चार टाके पडले.

एवढा मोठा टॉर्च जे दाखवू शकला नाही, ते एका मेणबत्तीने कसे दाखवले, हा प्रश्न मला त्यानंतर सोडेना. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या प्रकाशावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही भाग शोषून पिवळा प्रकाश देणाऱ्या रसायनाचा, थर चढवला की तो आपल्याला पांढरा भासतो. निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते योग्यच होते. पण बाजारातल्या स्वस्त टॉर्चमध्ये हा प्रकाश ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर) आसपासचा, निळ्याकडे झुकलेला असतो आणि त्यात गडद लाल जवळजवळ नसतोच. जे प्रकाशातच नाही, ते पायरीवर कुठून दिसणार? मेणबत्तीचा उजेड मंद, साधारण १९०० केल्विनचा, पण लाल रंगाने भरलेला. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय नावाचा आकडा असतो, कमाल १००. त्याच्या नेहमीच्या सरासरीत गडद लाल धरलेलाच नसतो. तो ‘आर ९’ म्हणून वेगळा पाहावा लागतो. आईच्या पायाला टाके पडेपर्यंत यातले मला काहीही ठाऊक नव्हते.

माझा आताचा टॉर्च ३००० केल्विनचा, सीआरआय ९५ चा आहे. आत १८६५० मापाचा, पुन्हा चार्ज होणारा सेल आहे आणि काचेच्या जागी दाणेदार भिंग आहे, त्यामुळे प्रकाशाचा गोळा न होता तो भिंतीपासून भिंतीपर्यंत सायीसारखा पसरतो. जिन्यात उभे राहून तो लावला की वरच्या चार पायऱ्या, खालच्या चार पायऱ्या, कठडा, कोपऱ्यात ठेवलेली बादली, सगळे एकाच वेळी दिसते आणि समोरून येणाऱ्याला डोळ्यांवर हात धरावा लागत नाही. आईने तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा एवढेच म्हणाली, “आपल्या जुन्या बल्बसारखा आहे रे.” आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे साठ वॅटचा बल्ब होता, त्याचा उजेडही साधारण २७०० केल्विनचाच.

लांब झोताचा टॉर्च शेताच्या बांधावर हवा, किल्ल्याच्या वाटेवर हवा, हे मला मान्य आहे. तेवढ्याच सेलवर पांढरा एलईडी थोडा अधिक प्रकाश देतो, हेही खरे. पण आमच्या जिन्यात वीस फुटांपलीकडे पाहण्यासारखे आहे तरी काय? झोत लांब जातो तो प्रकाश एका ठिपक्यात कोंबल्यामुळे. त्या ठिपक्याबाहेर अंधार आणखी दाट वाटतो आणि म्हातारी माणसे पडतात ती त्या अंधारातल्या पायरीवर. मुंबईत दिवे जात नाहीत, असेही आज कोणी म्हणाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळी मुंबई बंद पडली होती, ती सकाळची वेळ होती म्हणून निभावले. हाच प्रकार रात्री झाला असता तर?

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, कारण त्या रात्री वरून झोत सोडणारा शेजारीच टॅक्सी अडवून आमच्याबरोबर इस्पितळात आला होता आणि टाके घालून होईपर्यंत आईचा हात धरून बसला होता. त्याच्या मनात काळजीच होती, हातातली वस्तू चुकीची होती. आजच्या बैठकीत तो एकटा हसला नाही.

उद्या रात्री नऊ वाजता दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा दहा मिनिटे मालवू या. कमिटीने पसंत केलेला टॉर्च आणि माझा टॉर्च, दोन्ही एकाच पायरीवर लावून पाहू. पायरीवर ठेवायला आईने कुंकवाची डबी आत्ताच काढून दिली आहे.