क्रेचमान यांनी अणुभट्ट्या बंद पाडल्या आणि स्टुटगार्ट-21 होऊ दिलं? तारखा जुळत नाहीत

जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मुख्यमंत्री झालेले ग्रीन पक्षाचे विन्फ्रीड क्रेचमान यांच्याबद्दल एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. जपानमधल्या फुकुशिमा अणुअपघातानंतरच्या लाटेत ते योगायोगाने निवडून आले, सत्तेवर येताच राज्यातल्या अणुभट्ट्या बंद पाडल्या, आणि ज्या भुयारी रेल्वे स्थानकाला विरोध करत होते ते स्टुटगार्ट-21 खुर्चीसाठी मुकाट होऊ दिलं, असं त्यात म्हटलं आहे.

आधी योगायोगाचं बघू. 1980 मध्ये 5.3 टक्के मतं घेऊन ग्रीन पक्षाचे सहा आमदार या राज्याच्या विधानसभेत गेले, त्यांत शिक्षकी पेशातले क्रेचमान होते. 1986-87 मध्ये त्यांनी हेसेन राज्याच्या पर्यावरण मंत्रालयात ग्रीन पक्षाचे मंत्री योश्का फिशर यांच्या हाताखाली काम केलं. 2002 पासून ते विधानसभेत पक्षाचे गटनेते होते. फुकुशिमाचा फायदा झाला, हे मान्यच करायला हवं: अपघात 11 मार्च 2011 चा, मतदान 27 मार्चचं, आणि 2006 ला 11.7 टक्के असलेली मतं 24.2 वर गेली. पण 2016 मध्ये 30.3 आणि 2021 मध्ये 32.6 टक्के मतं मिळाली, तेव्हा कुठली लाट होती?

अणुभट्ट्यांचं विधान तर तारखेवरच कोसळतं. नेकारवेस्टहाइम-1 आणि फिलिप्सबुर्ग-1 मार्च 2011 मध्ये थांबल्या, केंद्रातल्या मर्केल सरकारने जुन्या अणुभट्ट्यांवर आणलेल्या तीन महिन्यांच्या स्थगितीमुळे. तेव्हा राज्यात मर्केल यांच्याच सीडीयू पक्षाचे श्टेफान मापुस मुख्यमंत्री होते. क्रेचमान यांची मुख्यमंत्रीपदी निवड 12 मे रोजी झाली. कायमची बंदी आणणारी दुरुस्ती 30 जूनला संसदेने मंजूर केली. जर्मनीत अणुकायदा केंद्राचा आहे, राज्य फक्त केंद्राच्या वतीने देखरेख करतं. क्रेचमान यांचं खरं योगदान वेगळं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. किरणोत्सारी कचरा कायमचा पुरण्यासाठी आधीपासून ठरवलेल्या गोरलेबेन या एकाच जागेवर अडून न राहता देशभर नव्याने जागा शोधा, आमचं राज्यही त्यातून वगळू नका, अशी भूमिका त्यांनी 2011 मध्ये घेतली. जागानिवडीचा कायदा 2013 मध्ये झाला. आपल्या अंगणात कचरा येऊ शकतो हे कबूल करणारा मुख्यमंत्री विरळाच.

आता स्टुटगार्ट-21. इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रक्रिया समजून न घेताच 'गद्दारी'चा शिक्का मारला जातो. ग्रीन पक्षाचे 36 आमदार, सत्तेतला जोडीदार पक्ष एसपीडीचे 35, सभागृह 138 चं. एसपीडीला स्थानक हवं होतं, म्हणजे विधानसभेत ते रोखायला बहुमत नव्हतंच. तेव्हा सरकारने स्थानकाच्या खर्चात राज्याचा वाटा ठरवणाऱ्या अर्थसाहाय्य करारातून बाहेर पडण्याचं विधेयक मांडलं. ते अपेक्षेप्रमाणे फेटाळलं गेलं, आणि बाडेन-व्युर्टेंबर्गच्या स्वतःच्या घटनेतील कलम 60 प्रमाणे तेच विधेयक सार्वमतासाठी जनतेपुढे नेता आलं. एक गफलत इथे होते: मतपत्रिकेवर 'हो' म्हणजे करार मोडा, 'नाही' म्हणजे स्थानक होऊ द्या. शिवाय नुसतं बहुमत पुरत नव्हतं, एकूण मतदारांपैकी एकतृतीयांश, म्हणजे सुमारे 25 लाख 'हो' लागणार होते. 27 नोव्हेंबर 2011 ला 58.9 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. खुद्द स्टुटगार्ट शहरातही 'नाही'च जिंकलं. स्वतःच मागितलेला कौल हरल्यावर तो पाळणं याला आम्ही गद्दारी म्हणणार नाही.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही: राज्याचा वाटा सुमारे 93 कोटी युरो, त्यापुढे पैसे नाहीत. खर्च कराराच्या 452.6 कोटींच्या कितीतरी पुढे गेल्यावर रेल्वे कंपनीने वाढीव वाट्यासाठी राज्य आणि इतर भागीदारांवर दावा लावला. मे 2024 मध्ये स्टुटगार्टच्या प्रशासकीय न्यायालयाने तो फेटाळला.

राज्याच्या हातात जे होतं, तिथे काम दिसतं. 1 जानेवारी 2014 ला ब्लॅक फॉरेस्टमध्ये 10,062 हेक्टरचं, राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. बायर्सब्रोनसारख्या गावांचा कौल विरोधात होता, तरी. 2022 पासून नव्या इमारतींवर सौरपट्ट्या सक्तीच्या झाल्या, आणि 2023 पासून छताची मोठी दुरुस्ती करतानाही.

टीका करायचीच तर पवनऊर्जेवर करा. 2020 पर्यंत राज्यातली 10 टक्के वीज वाऱ्यापासून, हे ध्येय त्यांच्याच सरकारचं होतं, आणि ते साफ हुकलं. 2017 मध्ये केंद्राने लिलाव पद्धत आणली. तिच्यात इथल्या कमी वाऱ्याच्या, जंगली डोंगरांवरच्या प्रकल्पांना उत्तरेकडच्या सपाट, भरपूर वाऱ्याच्या जागांशी दरात स्पर्धा करावी लागली, आणि 2019 मध्ये नव्या पवनचक्क्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उभ्या राहिल्या. हे कारण खरं, पण अर्धंच. लाल घारी या संरक्षित पक्ष्यांचं सर्वेक्षण, ध्वनिमापन, विमानवाहतुकीच्या रेडिओ केंद्रांचे आक्षेप अशा टप्प्यांत परवाने वर्षानुवर्षं अडकत होते, आणि परवाने देणारी कार्यालयं राज्यातलीच होती. त्यांना वेग देण्यासाठी कृती दल नेमलं गेलं ते 2021 मध्ये, सत्तेची दहा वर्षं उलटल्यावर.