आठ दिवस खोलीत कोंडण्याआधी हे वाचा

डिचोलीकर, नमस्कार.

गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत समुपदेशकाच्या फार तर चार भेटींनंतर शंभरातले छत्तीस पिणारे पुरुष सावरले, या संशोधनावर मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं, की चार वेळा गप्पा मारून कुणाची दारू सुटत नाही. शंभरातले छत्तीस सुधारले याचा अर्थ चौसष्ट नापास. आणि अर्ध्या लोकांना उपचाराविना ठेवून परदेशी पैशावर गोव्यातल्या गरिबांवर प्रयोग केला. या सगळ्याला मी उत्तर देणार आहे. पण तुमच्या प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे, त्याने काल रात्री मला झोप लागू दिली नाही. "माझ्या चुलतभावाला सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, गणेशाची चवथ झाली की आम्ही त्याला आठ दिवस खोलीत कोंडणार आहोत, तोच खरा उपाय."

कृपा करून हे करू नका. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ त्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाची दारू एकदम तोडली की काही तासांतच घाम आणि कापरं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. त्या अवस्थेत उपचार मिळाला नाही तर माणूस दगावू शकतो. बाहेरून कडी लावलेल्या खोलीत तो उपचार कोण देणार?

मी हे माझ्या घरात पाहिलं आहे. माझे बाबा सुतार होते. रोज संध्याकाळी फेणीचे दोन ग्लास, काजूच्या दिवसांत हुर्राक, आणि नंतर नंतर सकाळीही थोडी. त्यांना कुणी कधी बेवडा म्हटलं नाही. काम चोख, शिवीगाळ नाही. न्हाणीघरात घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं आणि त्यांना इस्पितळात दाखल केलं. प्रेशर विचारलं, साखर विचारली, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का तेही विचारलं. दारूचं कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हाला लाज वाटली.

तिसऱ्या रात्री बाबा पलंगावर उठून बसायला धडपडू लागले. पाय वजन लावून बांधलेला. दोन्ही हात पुढे करून ते चादरीवरून रंधा मारत होते. पुढे रेटायचे, मागे घ्यायचे, मग अंगठ्याने कड तपासायचे आणि न पडलेला भुसा फुंकरीने उडवायचे. मला म्हणाले, "फळी वाकडी आहे, धर जरा." वॉर्डातले लोक म्हणाले, वयामुळे भ्रमिष्ट झाले. पहाटे पाळी बदलली आणि नव्या सिस्टरने दारातूनच एक नजर टाकून विचारलं, "बाबा रोज सोरो घेता?" मी हो म्हटलं. त्यानंतर अर्ध्या तासात इंजेक्शन सुरू झालं, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिलं गेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला नावाने हाक मारली. माझं फार्मसीचं शिक्षण तेव्हा पूर्ण झालं होतं. पुस्तकात हे सगळं मी वाचलेलं होतं, तरी समोर बसून रंधा मारणारा माणूस मला ओळखता आला नाही.

म्हणून 'नुसत्या गप्पा' हा शब्द मला लागला. बाबांना तो एक प्रश्न दहा वर्षं आधी, हाड मोडायच्या आधी, कुणीतरी विचारायला हवा होता. मी ज्या संशोधनाबद्दल लिहिलं ते नेमकं त्याच टप्प्याबद्दल आहे.

'संगत' ही १९९६ पासून गोव्यात काम करणारी संस्था. तिथल्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आपल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ही चाचणी घेतली, ती २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ताप, खोकला, गुडघेदुखी अशा कारणांनी आलेल्या पुरुषांना 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी विचारली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही प्रश्नावली आहे: किती वेळा घेता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का, तुमच्यामुळे कुणाला इजा झाली का. एकूण गुण चाळीस. चाचणीत घेतले ते १२ ते १९ गुणांचे ३७७ पुरुष. वीस किंवा त्याहून जास्त गुणांचे, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून असण्याची शक्यता असलेले, यात नव्हते. तुमचा चुलतभाऊ बहुधा त्या वरच्या गटात येईल, आणि त्याला चार भेटी पुरतील असा दावा मी केला नाही, संशोधकांनीही केला नाही. माझ्या लेखात हा फरक पुरेसा ठळक नव्हता. ही तुमची तक्रार मला मान्य आहे.

आता 'अर्ध्यांना उपचाराविना ठेवलं' याबद्दल. चाचणीतल्या पुरुषांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांतल्या माणसांचे गुण त्यांच्या डॉक्टरांना कळवले होते आणि डॉक्टरांना काय करायचं याच्या मार्गदर्शक सूचनाही दिल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या गटाला आपल्या आरोग्य केंद्रात एरवी मिळतं त्यापेक्षा जास्तच मिळालं. पहिल्या गटाला त्याशिवाय समुपदेशकाच्या जास्तीत जास्त चार भेटी. कुणाला कुठल्या गटात टाकायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, नशिबावर ठरलं. शेवटी मोजमाप करणाऱ्यांनाही कोण कुठल्या गटातला ते ठाऊक नव्हतं.

हे एवढं कशासाठी, ते आकड्यांतच दिसतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे गुण आठच्या खाली आले. दुसऱ्या गटात २६ टक्के. म्हणजे शंभरातले सव्वीस जण समुपदेशकाशिवायही सावरले. दुसरा गट नसता तर हे सव्वीसही समुपदेशनाच्या खात्यात जमा झाले असते, आणि मी तुम्हाला खोटा आकडा सांगितला असता. बसस्टँडच्या भिंतीवर 'शंभर टक्के दारू सोडवतो' म्हणणारी पुडी कधी दुसऱ्या गटाशी ताडून पाहिलेली नसते. शंभरामागे दहा जास्त हा आकडा लहान दिसतो, पण तो खरा आहे. त्याच तपासणीआधीच्या पंधरवड्यात एक थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. वर्षानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा सावरलेल्यांचं प्रमाण ५४ विरुद्ध ३२ टक्के होतं, म्हणजे फरक विरला नाही, वाढला. ज्यांना तुम्ही 'अडाणी' म्हटलंत ते समुपदेशक याच भागातले, मानसोपचाराची पदवी नसलेले लोक होते. आधी प्रशिक्षण, मग दर आठवड्याला एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून गुण देणं. घरच्या भाषेत बोलणारा, उपदेश न करणारा माणूस समोर असणं हीच मला यातली मोठी गोष्ट वाटते.

पैसा 'वेलकम ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेचा होता, हे खरं. आपल्या पैशाने हे व्हायला हवं होतं, असं मलाही मनापासून वाटतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्टही सांगते, कारण ती लपवली तर माझ्या लेखात आणि त्या पुडीत फरक उरणार नाही. ज्यांनी पिणं चालू ठेवलं, त्यांचं रोजचं प्रमाण काही घटलं नाही. तीन महिन्यांच्या तपासणीत बायकोला होणारी मारहाणही कमी झालेली दिसली नाही. फोंड्यातल्या माझ्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बायकांना मी ओळखते, त्यामुळे हे वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. शिवाय चाचणी फक्त पुरुषांची होती. पिणाऱ्या बायकांना आपण अजून विचारतही नाही.

याच बायका मला हळू आवाजात 'चव न लागणारी गोळी' मागतात, आमटीत घालायला. तुम्हीही तुमच्या प्रतिक्रियेत ती सुचवली आहे. ती गोळी डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, प्रेशर कोसळू शकतं. हृदयविकार असलेल्याचा जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने दिली तर ते औषध आहे. मी ती चोरून कुणाला देत नाही. त्यावरून माझ्याशी भांडण करून गेलेल्या बायका आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस घरांत आमटीतली गोळी आणि खोलीची कडीच असते.

तर तुमच्या चुलतभावाबद्दल. चवथीची वाट पाहू नका आणि तोवर त्याची दारू स्वतःच्या मनाने बंदही करू नका. त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा थेट बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत घेऊन जा. दारू सोडवताना शरीर सांभाळणारी औषधं आहेत, आणि ती काही दिवसांचीच असतात. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती घेतो ते बाटलीच्या मापात (एक क्वार्टर फेणी म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, 'थोडीशी' असं लिहू नका), आधी कधी फिट आली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. आणि शेवटचा ग्लास कधी घेतला, ते वेळेसकट लिहा. आम्ही बाबांबद्दल नेमकं तेच सांगितलं नव्हतं.