पुरत नसेल हो दूध!

बाळंतिणीला भेटायला निघालात? रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, रिकाम्या तोंडाने जाऊ नका. दारातूनच विचारा, "दूध येतंय ना पुरेसं?" बाळ रडत असेल तर उत्तमच. झोपलेलं असेल तर म्हणा, "गळून गेलंय बिचारं."

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर चीक मावतो आणि तेवढा त्याला पुरतो, ही बातमी फुटू देऊ नका. "दोन थेंबांनी काय होणार?" म्हणत वरच्या दुधाचा डबा पुढे सरकवा. दूध भरपूर उतरायला तीन-चार दिवस लागतात, तेव्हा घाई त्याच्या आत उरकायची. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं. म्हणजे एक बाटली वर दिली की अंगावरचं एक पाजणं बुडालं, दूध घटलं, की दुसरी बाटली. आठवड्यात तुमचं भाकीत खरं! ज्योतिषाच्याही नशिबी एवढं यश नसतं.

पुरतंय की नाही हे ओल्या लंगोटांवरून कळतं म्हणे. पाचव्या दिवसापासून रोज निदान 6. पण लंगोट कोण मोजणार? आपण चेहरा बघून सांगावं. मोजायचंच तर पाजणं मोजा. 24 तासांत 8 ते 12 वेळा होतं ते, त्यामुळे "आत्ताच तर पाजलंस!" हे दर वेळी नव्याने चकित होऊन म्हणता येतं.

ती ओठ दाबून, पायाची बोटं आखडून पाजत असेल, तर "आम्हीही सोसलं" एवढं पुरे. बाळाने नुसतं बोंड धरलंय, तोंड मोठं उघडून भोवतालचा काळा भागही आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी, असलं काही दाखवणारी स्तनपान सल्लागार कुणी बोलावलीच, तर तिला जिन्यातच गाठा. "पाजायला कसली शिकवणी?"

बाळाच्या बाबाला मात्र जपा. रात्री तीनला त्याला उठवणं म्हणजे पाप. (दूध बनवणारं संप्रेरक रात्री जोरात असतं हे खरं, पण ढेकर काढायला ते लागत नाही.)

निघताना तिच्या उशाशी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या बघा. बोलून बोलून घसा सुकला असेल ना? प्या. रिकामा तिथेच ठेवा, बाळाला एका हातावर घेऊन ती भरून आणेल.