संघाबाहेरचा खेळाडू कधीच बाद होत नाही

कसोटी सामना पाच दिवसांचा असतो, पण तो खेळणाऱ्यांसाठी. चाहत्याची कसोटी चांगली आठवडाभर आधी सुरू होते. तिच्यात उपाहाराची सुट्टी नसते, अपुऱ्या प्रकाशामुळे खेळ थांबत नाही आणि षटकांची गती मंदावली म्हणून कुणाचं मानधन कापलं जात नाही. मालिका तोंडावर आलीय, आजूबाजूचे सगळे आपापला संघ निवडून आणि निवड समितीला मूर्ख ठरवून मोकळे झालेत, आणि तुम्ही अजून 'बघू या, कोण खेळतंय ते' असलं काहीतरी गुळमुळीत बोलताय, असं असेल तर तुमचं कठीण आहे. वेळीच सावरा.

आधी संघनिवड. इथे एकच गोष्ट मनावर कोरून ठेवा: जो संघात नाही, तोच खरा. कारण उघड आहे. संघातल्या माणसाला बॅट घेऊन मैदानात जावं लागतं, आणि गेला की कधी ना कधी तो बाद होतोच. बाहेर बसलेला कधीच बाद होत नाही. त्याच्या हातून झेल सुटत नाही, आत येणारा चेंडू त्याच्या पॅडवर आदळत नाही, आणि त्याची सरासरी आपल्या डोक्यात रोज दोन-दोन धावांनी वाढत राहते. म्हणून कायम बाहेरच्याची बाजू घ्या. उद्या तो संघात आला आणि दुसऱ्याच चेंडूवर स्लिपमध्ये झेल देऊन परतला, तर 'याला घेतलंच कुणी?' हे विचारायलाही तुम्ही मोकळे. तुम्हीच घसा कोरडा करून त्याची मागणी केली होती, याची नोंद कुणीही ठेवत नाही.

दाखला हवा असेल तर करुण नायर आहेच. डिसेंबर २०१६, चेन्नई, इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. भारताने ७ बाद ७५९ वर डाव सोडला. आणि पुढच्या कसोटीत, बांगलादेशविरुद्ध हैदराबादला, हा त्रिशतकवीर अकरांत नाही! एवढं बोलून थांबायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. अजिंक्य रहाणे दुखापतीतून परतला होता आणि ती जागा मुळात त्याची होती, हा तपशील आपण होऊन सांगू नये. तपशिलाने वाद संपतात. नायर पुढे २०२५ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर परतला. इतकी वर्षं त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांचं कौतुक असं, की आठ डावांत एकच अर्धशतक झालं तेव्हा 'किती संधी द्यायच्या एकेकाला?' हा सवाल त्यांनीच सगळ्यात मोठ्या आवाजात केला. याला म्हणतात तयारी.

अश्विनचा दाखला तर त्याहून भक्कम. जून २०२३, ओव्हल, जागतिक कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत. क्रमवारीत जगातला पहिल्या क्रमांकाचा कसोटी गोलंदाज पाणी वाहतोय, ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर लायन शेवटच्या डावात चार बळी घेतोय आणि आपण २०९ धावांनी हरतोय. यात तुम्हाला हरवणं कुणाच्या बापाला शक्य नाही. अश्विन खेळला असता तर काय झालं असतं हे कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही त्यावर चाहत्याचा विश्वास सगळ्यात घट्ट बसतो. (खरं सांगायचं तर अश्विनला बाहेर ठेवणं मलाही आजतागायत पटलेलं नाही. पण हा लेख माझ्यावर नाही.)

पद्माकर शिवलकर, राजिंदर गोयल, अमोल मुझुमदार ही नावं मात्र जरा जपून. शिवलकरांचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी, गोयल यांचे ७५०, आणि दोघांच्या वाट्याला एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी डावखुरी फिरकी टाकत होते. मुझुमदारने पदार्पणात २६० काढले, पुढे अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारताची टोपी मिळाली नाही. ही नावं वाद जिंकायला वापरवत नाहीत. ती निघाली की बोलणाराच गप्प होतो, आणि गप्प बसणं आपल्या कार्यक्रमात नाही.

आता प्रत्यक्ष अकरा. अकरा हा आकडा फार अडचणीचा आहे. सहा फलंदाज, एक यष्टिरक्षक, तीन वेगवान गोलंदाज, दोन फिरकीपटू आणि 'संतुलनासाठी' एक अष्टपैलू. मोजलेत? तेरा झाले. म्हणूनच मोजायचं नसतं. कुणी खोचकपणे विचारलंच, की यातले कोणते दोन काढणार, तर शांतपणे सांगा, 'ते संघ व्यवस्थापनाचं काम आहे.' घ्यायचं काम आपलं, वगळायचं काम त्यांचं, आणि वगळला म्हणून शिव्या घालायचं काम पुन्हा आपलं.

निवड समितीबद्दल आदर दाखवण्याची चूक करू नका. ऐंशीच्या दशकात खुद्द मोहिंदर अमरनाथने निवडकर्त्यांना जोकरांची टोळी म्हटलं होतं. पुढे तो स्वतःच निवड समितीत जाऊन बसला, हा भाग सोडून द्या. इतिहासही तुमच्याच बाजूने आहे. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध घरच्या मैदानांवर पाच कसोटी झाल्या आणि आपले कर्णधार झाले चार: उमरीगर, गुलाम अहमद, विनू मंकड, हेमू अधिकारी. मद्रासच्या कसोटीआधी उमरीगरांनी कर्णधारपद सोडलं तेही संघनिवडीवरूनच. म्हणजे तुम्ही आज जो तमाशा करताय त्याला चांगली परंपरा आहे. फरक इतकाच, की उमरीगरांनी नाही पटलं तेव्हा पद सोडलं. तुमच्याकडे सोडायला काही नाही, त्यामुळे तुम्ही दीर्घकाळ टिकाल.

तंत्रावर बोलायला कचरू नका. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात त्याला टप्पा ओळखायचा असतो, पाय हलवायचा असतो आणि खेळायचा की सोडायचा हे ठरवायचं असतं. तुम्हाला तोच चेंडू चार कोनांतून, संथ करून, पडद्यावर बाण काढून दाखवतात. साहजिकच तुमचा निर्णय जास्त अचूक असणार. 'सोडायला हवा होता' हे वाक्य पाठ करा. ते बाद होण्याच्या जवळपास सगळ्या प्रकारांना चालतं. फक्त धावबादच्या वेळी जरा भान ठेवा.

आणि भाकीत करताना घाबरू नका, कारण निकाल लागल्यावर भाकितं आपोआप दुरुस्त होतात. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ धावांत गुंडाळले गेलो. विराट कोहली मायदेशी परतणार होता, शमीचा हात मोडला होता. मालिका ४-० जाणार, हे सगळ्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, त्यात मोठमोठे माजी खेळाडूही होते. मग मेलबर्नला रहाणेचं शतक आलं, सिडनी वाचली आणि जानेवारीत ब्रिस्बेनला आपण उतरलो ते सिराज, सैनी, शार्दूल, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर घेऊन. पाचही गोलंदाजांच्या नावावर त्या दिवसापर्यंत मिळून चार कसोटी! सुंदर आणि नटराजन यांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायला ठेवून घेतलेलं होतं. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया जिथे एकही कसोटी हरली नव्हती, त्या ब्रिस्बेनच्या गाब्बा मैदानावर हा संघ जिंकला. ती अकरा नावं सामन्याआधी एकाही चाहत्याच्या यादीत नव्हती. आज विचारून बघा, प्रत्येकाने सुंदरचं नाव आधीच सुचवलेलं निघेल. तुम्हीही सुचवलं होतंत. आठवा जरा.

इथवर जमलं असेल तर आता तोंडाकडे वळू, म्हणजे स्लेजिंगकडे, मैदानावरच्या शेरेबाजीकडे.

यात तत्त्व एकच, आणि ते तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे: आपला तो बाळ्या, दुसऱ्याचा तो कार्ट्या. आपला गोलंदाज बाद झालेल्याला हाताने तंबूची वाट दाखवतो ती आक्रमकता. त्यांचा दाखवतो तो माज. डिसेंबर २०२४ मध्ये ॲडलेडला सिराजने ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा उडवून त्याला असाच निरोप दिला. हेड तोवर १४० धावा करून बसला होता. १४० धावा फटकावलेल्या माणसाला 'चल, नीघ' म्हणायला जी छाती लागते, तिची किंमत आयसीसीने मानधनाच्या २० टक्के इतकी लावली. तुम्ही ती वसूल झाली असंच समजा.

त्याच मालिकेत मेलबर्नला ३६ वर्षांच्या कोहलीने १९ वर्षांच्या, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सॅम कॉन्स्टासला खांदा मारला. इथे बरेच चाहते गोंधळतात. गोंधळू नका. 'पोराला कसोटी क्रिकेट म्हणजे काय ते दाखवलं' एवढं म्हणा आणि विषय बुमराकडे वळवा.

कारण पुढच्याच कसोटीत, सिडनीला, जे घडलं ते चाहत्याने तसबीर करून लावावं असं आहे. पहिल्या दिवसाचा खेळ संपत आलेला. उस्मान ख्वाजा स्ट्राइकवर, सावकाश तयार होतोय, वेळ काढतोय. बुमरा रनअपच्या टोकाला तिष्ठत उभा. आणि ज्याच्याकडे स्ट्राइकच नाही तो कॉन्स्टास, समोरच्या टोकाकडून, बुमराला काहीतरी सुनावतो. बुमरा त्याच्याकडे चालत येतो, पंच मध्ये पडतात. मग दिवसाचा शेवटचा चेंडू, ख्वाजाच्या बॅटची कड आणि स्लिपमध्ये राहुलच्या हातात झेल. बुमरा गर्रकन वळतो तो बाद झालेल्या ख्वाजाकडे नव्हे, कॉन्स्टासकडे. अख्खा संघ त्या पोराच्या अंगावरून नाचत गेला.

बोलला कॉन्स्टास, गेला ख्वाजा. आपल्या लोकांनी त्या पोराची यथेच्छ टर उडवली. आता जरा हळूच सांगतो: चाहता नेमका तिथेच उभा असतो. स्ट्राइक कधीच त्याच्याकडे येत नाही. तो शेजारच्या टोकावरून तोंड चालवतो, आणि शेवटचा चेंडू खेळावा लागतो दुसऱ्याला. म्हणून तर इतकं मोकळेपणाने बोलता येतं. ही जागा सोडू नका.

शेरेबाजी उलटल्याच्या गोष्टी लक्षात ठेवा, पण फक्त त्यांच्यावर उलटलेल्या. २०२१ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन यष्टींमागून अश्विनला 'ये गाब्बाला, बघतो' छापाचं सुनावत होता. थोड्याच वेळात त्याने विहारीचा झेल सोडला, आणि गाब्बाचं काय झालं ते वर आलंच आहे. त्याच वर्षी लॉर्ड्सवर इंग्लंडवाल्यांनी बुमराला डिवचलं, बाद करायचं सोडून त्याच्या अंगावर बाउन्सर टाकत बसले, आणि बुमरा-शमीने नवव्या गड्यासाठी नाबाद ८९ जोडले. इंग्लंड १२० त गारद. या दोन गोष्टी कितीही वेळा सांगितल्या तरी चालतात. २०२५ च्या लॉर्ड्सची तेवढी काढू नका. तिथे इंग्लंडचा क्रॉली वेळ काढतोय म्हणून आपला कर्णधार गिल त्याच्या अंगावर धावून गेला, आपल्या पोरांनी उपरोधाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना स्फुरण चढलं, आणि आपण २२ धावांनी हरलो. कुणी काढलीच, तर शेवटचा बळी कसा गेला ते सांगा: सिराजने बॅटच्या मधोमध घेतलेला चेंडू घरंगळत मागे गेला आणि बेल पडली. मग नशिबावर बोला. नशिबाला मानधनाचा दंड होत नाही.

एखादा जुना जाणकार भेटेल आणि मेलबर्न १९८१ काढेल. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर गावसकर चेतन चौहानला सोबत घेऊन मैदान सोडायला निघाले होते. निर्णयापेक्षा ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून आलेले 'चालता हो' हे शब्द लागले, असं त्यांनी नंतर सांगितलं. व्यवस्थापक दुराणी यांनी सीमारेषेवर चौहानला परत पाठवलं, खेळ पुढे चालला, ऑस्ट्रेलियाला १४३ हवे होते आणि ते ८३ त आटोपले. ही गोष्ट मुकाट ऐकून घ्या. जाणकाराला अडवलंत तर तो बेदींपर्यंत जातो.

एवढी सगळी तयारी झाली तरी एका संकटाला तुम्ही अजून तोंड दिलेलं नाही. समजा नाणेफेक झाली, संघ जाहीर झाला, आणि आठवडाभर तुम्ही ज्याच्यासाठी भांडलात तो खरोखरच अकरांत निघाला. आता तो कधीही बाद होऊ शकतो. अशा वेळी त्याची बाजू ताबडतोब सोडा. पहिल्या तासाच्या पेयपानाला मैदानात बाटल्या घेऊन जो धावत येईल त्याचं नाव नीट ऐकून घ्या, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत विचारा, 'याला का नाही खेळवला?'