व्हीआर हेडसेट आणि तळपायाचे बिंदू: फिरत्या संदेशाबद्दल खुलासा

‘व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचे, आभासी दृश्य दाखवणारे उपकरण) लावून तळपायाचे बिंदू दाबले की मधुमेहाने बधिर झालेले पाय बरे होतात’, असा संदेश फिरतो आहे. हा दावा खोटा आहे आणि बधिर पायांच्या माणसासाठी धोक्याचाही.

बिंदू दाबण्याच्या या पद्धतीचे (रिफ्लेक्सॉलॉजीचे) मूळ असे: अमेरिकेत डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी १९१७ मध्ये शरीराचे १० उभे पट्टे मांडले. फिजिओथेरपिस्ट युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात त्या पट्ट्यांचा नकाशा तळपायावर बसवला. बिंदू दाबून दूरचा अवयव बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. पाय चोळल्याने आराम मात्र खरोखर मिळतो.

हेडसेटचे काम एवढेच, की लक्ष दुसरीकडे जाते. म्हणूनच भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगच्या वेळी त्याने वेदना कमी जाणवतात. पण इथे तीच गोष्ट उलटते: पायाला आधीच कळत नाही, त्यात मन गुंतलेले, आणि डोळे-कपाळ झाकल्याने चेहऱ्यावरची कळ मालीश करणाऱ्याला दिसत नाही. अंगठा जास्त रुतला तरी कोणी थांबत नाही. त्यामुळे आधी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (पायाला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहायच्या नायलॉनच्या तंतूने) संवेदना तपासून घ्या. ती कमी असेल, जखम असेल किंवा एकाच पोटरीला अचानक सूज असेल, तर मालीश नको, डॉक्टरांकडे जा.

पाय धडधाकट असतील तर हरकत नाही. खुर्ची मागे कलवल्यावर दृश्य पुन्हा मध्यावर आणा, नाहीतर समोर नुसते आभाळ दिसते. स्थिर दृश्य निवडा. धावत्या दृश्याने मळमळते. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी हेडसेट टाळावा.